संगणकाचे शब्द वर्गात शिकवताना: माउसपासून ओटीपीपर्यंत

सहावीच्या वर्गात "रॅम म्हणजे काय?" असं विचारलं की पटापट हात वर होतात आणि 'रँडम ॲक्सेस मेमरी' हे उत्तर बिनचूक येतं. त्याच मुलांना "काल काढलेलं चित्र उघडून दाखवा" म्हटलं की शोधाशोध सुरू होते. लांब रूप पाठ आहे, पण फाइल कुठे ठेवली ते माहीत नाही. पाठ करून घेतलेल्या शब्दांची गत बहुतेक वेळा अशीच होते.

संगणकाचे शब्द मला तरी एकाच कामासाठी महत्त्वाचे वाटतात. पडद्यावर काय दिसतंय आणि आपण काय केलं, हे दुसऱ्याला नेमकं सांगता यावं. म्हणून या लेखात शब्द वर्णमालेप्रमाणे किंवा 'इनपुट साधने, आउटपुट साधने' अशा तक्त्याप्रमाणे लावलेले नाहीत. काम करताना ते ज्या क्रमाने लागतात, त्याच क्रमाने येतात. डोळ्यापुढे पाचवी ते आठवीचा वर्ग आहे, पण ज्या शिक्षकांवर शाळेची ऑनलाइन कामं येऊन पडली आहेत त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल. साहित्य फार लागत नाही: चालू स्थितीतला एक संगणक किंवा लॅपटॉप, एक पेन ड्राइव्ह आणि इंटरनेट असलेला एक स्मार्टफोन. उदाहरणं विंडोजची घेतली आहेत. शाळेत लिनक्स असेल तर मेन्यूतली नावं बदलतील, कामं तीच राहतील.

सुरुवातीची रीत: एक बोलणार, एक करणार

मुलांना जोडीने बसवा. एकाच्या हातात माउस, दुसऱ्याने फक्त बोलायचं. बोलणाऱ्याने पडद्याला बोट लावायचं नाही आणि 'ते', 'हे', 'तिकडे', 'वरचं' असे शब्द वापरायचे नाहीत. "डेस्कटॉपवरच्या 'सहावी' फोल्डरवर डबल क्लिक कर" असं पूर्ण वाक्य हवं. माउसवाल्याने सांगितलं तेवढंच करायचं, अंदाजाने पुढे जायचं नाही. पाच मिनिटांनी अदलाबदल. पटावर चाळीस मुलं आणि संगणक एकच असेल तर एकाला माउस द्या आणि बाकी वर्गाने आळीपाळीने एकेक सूचना द्यायची. प्रोजेक्टर नसला तरी पुढच्या दोन रांगा बदलत राहिल्या की भागतं.

कुठला शब्द वापरायचा, यावर तास घालवू नका. पडद्यावर जो शब्द आहे तो वापरा. पडदा इंग्रजी असेल तर 'सेव्ह', मराठी असेल तर तिथे जे लिहिलं असेल ते. एखाद्या फोनची भाषा मराठी करून मुलांना मेन्यू वाचायला लावणं हा चांगला स्वाध्याय आहे. मात्र भाषा परत बदलण्याचा रस्ता आधी कागदावर लिहून ठेवा: सेटिंग्जचं दातेरी चाक, त्यात सिस्टिम, त्यात भाषा. कंपनीप्रमाणे यात एखादी पायरी इकडेतिकडे होते.

पडदा आणि माउस

हा भाग मुलांना लवकर येतो, एका तासात उरकावा. डेस्कटॉप, आयकॉन, विंडो, टास्कबार, मेन्यू, कर्सर ही पडद्यावरची नावं. क्लिक, डबल क्लिक, राइट क्लिक, ड्रॅग, स्क्रोल ही हाताची कामं. विंडोच्या कोपऱ्यातली तीन बटणं (खाली ठेवणं, मोठी करणं, बंद करणं) प्रत्येकाकडून दाबून घ्या. खाली ठेवलेली विंडो बंद झाली असं समजून मुलं तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा उघडत बसतात.

दोन गोष्टींवर थोडं थांबा. टेबलाखालच्या डब्याला सगळे 'सीपीयू' म्हणतात. खरं तर तो डबा म्हणजे कॅबिनेट, सीपीयू ही त्याच्या आतली लहानशी चिप. लोक डब्याला सीपीयू म्हणतात म्हणून भांडायला नको, पण मुलांना फरक ठाऊक असावा. दुसरं, मॉनिटरचं बटण दाबलं म्हणजे संगणक बंद झाला असं नाही. स्लीप, रीस्टार्ट आणि शट डाउन हे तिन्ही प्रकार एकामागून एक करून दाखवा.

फाइल, फोल्डर, सेव्ह

यासाठी किमान तीन तास ठेवा, कारण बहुतेक घोटाळे इथेच होतात.

पहिल्या तासाला डेस्कटॉपवर राइट क्लिक करून नवीन फोल्डर तयार करा आणि त्याला वर्गाचं नाव द्या. त्यात प्रत्येक जोडीने आपली एक फाइल करायची. नोटपॅडमध्ये दोन ओळी लिहिल्या तरी पुरे. नाव देताना '१५/०८' असं तिरकी रेघ घालून लिहून बघायला सांगा. विंडोज ते घेणार नाही. तिरकी रेघ, विसर्ग दिसावा तशी दोन टिंबं आणि प्रश्नचिन्ह अशी काही चिन्हं फाइलच्या नावात चालत नाहीत. मराठी अक्षरं मात्र बिनदिक्कत चालतात. 'नवीन १', 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं देऊ देऊ नका. 'सहावी_हजेरी_जुलै' हे नाव सहा महिन्यांनीही कळतं.

आता सेव्ह. दोन ओळी टाइप करून, सेव्ह न करता विंडो बंद करायला सांगा. 'सेव्ह करायचं का?' असा प्रश्न येईल, त्याला मुद्दाम नकार द्या. (काही नव्या प्रोग्राममध्ये मजकूर आपोआप टिकवून ठेवतात, म्हणून हा प्रयोग आधी आपल्या संगणकावर करून बघा.) गेलेल्या ओळी कुठे होत्या? रॅममध्ये. रॅम म्हणजे वर्गातला फळा: काम चालू असेपर्यंत त्यावरचं राहतं, तास संपला की पुसलं जातं. हार्ड डिस्क, एसएसडी, पेन ड्राइव्ह यांना मिळून स्टोरेज म्हणतात, आणि वीज गेली तरी तिथलं टिकतं. सेव्ह म्हणजे रॅममधलं काम स्टोरेजवर उतरवणं. गावात लाइट केव्हा जाईल याचा भरवसा नसतो, म्हणून दर थोड्या वेळाने कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबायची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावा.

'सेव्ह' आणि 'सेव्ह ॲज' यांतला फरक शिक्षकांनी तरी पक्का करून घ्यावा. गेल्या वर्षीची निकालपत्रकाची फाइल उघडली, नवी नावं भरली आणि सेव्ह केलं, तर जुना निकाल गेला. 'सेव्ह ॲज' करून नवं नाव दिलं तर जुनी फाइल शाबूत राहते आणि नवी वेगळी तयार होते.

कॉपी, कट आणि शॉर्टकट हे त्रिकूट पेन ड्राइव्ह लावूनच शिकवा. कॉपी केल्यावर फाइल दोन्हीकडे असते, कट करून पेस्ट केल्यावर फक्त नव्या जागी. ड्रॅग करताना एक गंमत होते: त्याच ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरमध्ये ओढलं तर फाइल हलते, पण पेन ड्राइव्हवर ओढलं तर तिची कॉपी होते. मुलांना हे सांगू नका, करून बघायला लावा आणि दोन्ही ठिकाणी काय उरलं ते विचारा.

शॉर्टकट ही फाइल नव्हे, तो फाइलचा पत्ता आहे. त्याच्या आयकॉनच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छोटा बाण असतो. मुद्दाम शॉर्टकट पेन ड्राइव्हवर टाका, दुसऱ्या संगणकावर नेऊन उघडा. उघडणार नाही. केंद्रावर बैठकीला पोचल्यावर पेन ड्राइव्हमधून नुसता शॉर्टकट निघाला, असं अनेकांचं झालेलं असतं. निघण्यापूर्वी फाइलचा आकार बघितला तर हे टळतं, कारण शॉर्टकट जेमतेम एक-दोन केबीचा (किलोबाइटचा) असतो.

डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जाते आणि तिथून परत आणता येते. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेली फाइल मात्र सहसा तिथे जात नाही, ती थेट जाते. म्हणून महत्त्वाच्या फाइलची आणखी एक प्रत वेगळ्या ठिकाणी हवी, तिला बॅकअप म्हणायचं. त्याच पेन ड्राइव्हवर दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवलेली प्रत बॅकअप म्हणून धरू नये. पेन ड्राइव्ह हरवला तर दोन्ही प्रती जातील.

फाइलच्या नावाच्या शेवटी टिंबानंतर येतो तो तिचा प्रकार: पीडीएफ, जेपीजी, डॉक्सएक्स, एक्सएलएसएक्स. विंडोज हे शेपूट बरेचदा लपवतं. फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेन्यूतून ते दाखवायला सांगता येतं. नाव बदलून जेपीजीच्या जागी पीडीएफ लिहिलं तर आतला मजकूर बदलत नाही. 'पीडीएफ करून पाठवा' असा निरोप आला की त्याचा अर्थ त्या प्रोग्राममधून पीडीएफ म्हणून सेव्ह करा किंवा प्रिंटमध्ये जाऊन तो पर्याय निवडा, असा घ्यायचा.

बिट, बाइट आणि मराठी अक्षरांचं गणित

संगणकातलं सर्वांत लहान माप बिट, म्हणजे ० किंवा १. आठ बिट मिळून एक बाइट. इथवर पुस्तकात असतं. पुढचा प्रयोग करून घ्या, मुलांना फार आवडतो.

नोटपॅडमध्ये फक्त 'school' या इंग्रजी शब्दाची सहा रोमन अक्षरं टाइप करून सेव्ह करा. फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार बघा: ६ बाइट. आता दुसऱ्या फाइलमध्ये 'शाळा' एवढंच लिहा. आकार येईल १२ बाइट. (जुन्या विंडोजमध्ये सेव्ह करताना यूटीएफ-८ ही अक्षरं साठवण्याची पद्धत निवडावी लागते आणि १५ बाइट दिसतात, कारण तिथे फाइलच्या सुरुवातीला ३ बाइटांची एक खूण लागते.) दोनच अक्षरांना बारा बाइट कसे? संगणक 'शाळा' हा शब्द श, काना, ळ, काना असा चार चिन्हांत साठवतो, आणि यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. मग 'क्ष'ला किती? क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं, म्हणजे ९ बाइट. प्रत्येकाने आपल्या नावाचे बाइट आधी वहीत मोजायचे आणि मग फाइल करून ताळा बघायचा. जोडाक्षरं आणि वेलांट्या सोडवण्याचा व्याकरणाचा अभ्यास यात आपोआप होतो. नोंद घ्यायची ती 'साइझ' या ओळीची, 'साइझ ऑन डिस्क' ही ओळ वेगळी असते. शब्दाच्या शेवटी एंटर दाबलं असेल तर आकडा वाढतो, तेही सांगून ठेवा.

मोठ्या वर्गासाठी एसएमएसचं गणित आहे. एका एसएमएसमध्ये ११२० बिट मावतात. इंग्रजी अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं बसतात. मराठीत प्रत्येक चिन्हाला १६ बिट मोजले जातात, म्हणून ७०. एसएमएसची पद्धत यूटीएफ-८पेक्षा वेगळी आहे, तिथे तीन बाइटांचा हिशोब लावू नका.

किलोबाइट (केबी), मेगाबाइट (एमबी), गिगाबाइट (जीबी) ही चढती मापं. '१६ जीबी' लिहिलेला पेन ड्राइव्ह लावला की विंडोज १४.९ जीबीच्या आसपास दाखवतं आणि दुकानदाराने फसवलं असं वाटतं. त्याने फसवलेलं नसतं. कंपनी १६०० कोटी बाइट मोजून १६ जीबी म्हणते. विंडोज तेच बाइट १०२४ने तीनदा भागतं. कॅल्क्युलेटरवर करून बघा, १४.९ येतात. मापं कळली की पोर्टलवर 'फोटो १०० केबीच्या आत हवा' या सूचनेचाही अर्थ लागतो. मोबाइलचा फोटो काही एमबींचा असतो, म्हणजे त्याच्या अनेक पट मोठा. तो लहान करायला 'रीसाइझ' किंवा 'कॉम्प्रेस' वापरतात. 'क्रॉप' केलं तर कडा कापल्या जातात, आणि आकार हवा तेवढा कमी होईलच असं नाही.

फॉन्ट, युनिकोड आणि कळफलक

"माझ्याकडे मराठी फॉन्ट नाही" हे वाक्य ऐकलं की नेमकी अडचण कळत नाही, कारण यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. फॉन्ट म्हणजे अक्षराचं वळण. युनिकोड म्हणजे प्रत्येक चिन्हाला दिलेला जगभर एकच असलेला क्रमांक. आणि कळफलक म्हणजे कोणतं बटण दाबल्यावर कोणतं चिन्ह उमटायचं याची मांडणी.

कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकावर मराठी वळणं बसवलेली असतात. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर किंवा मोबाइलवर मजकूर गेला की अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. ओळखायची सोपी खूण: मजकूर कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करा. मराठीच राहिला तर युनिकोड, गिचमिड झाली तर जुना फॉन्ट. शाळेच्या प्रश्नपत्रिका वर्षानुवर्षं जुन्या फॉन्टमध्ये पडून असतील, तर त्या रूपांतर करून युनिकोडमध्ये आणलेल्या बऱ्या, नाहीतर त्या कधी शोधता येणार नाहीत.

विंडोजमध्ये मराठी सुरू करण्यासाठी सेटिंग्जमधल्या 'टाइम अँड लँग्वेज' विभागात जाऊन भाषांमध्ये मराठी जोडा. नंतर विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबलं की इंग्रजी-मराठी अदलाबदल होते. मुलांना इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकवा असंच मी सुचवेन. तिच्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला आणि व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला असतात. 'शाळा' लिहायला शिफ्टसह एम, मग ई, शिफ्टसह एन, मग ई. बोटांखाली एफ आणि जे या बटणांवरचे उंचवटे चाचपून हात ठेवायचे. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे टाइप करायची फोनेटिक पद्धत मोठ्यांना सोपी वाटते. ज्या मुलाची इंग्रजीशी अजून ओळखही पक्की नाही, त्याला मात्र 'ळ' लिहायला रोमन अक्षर आठवायला लावणं उलटं आहे. शिवाय इन्स्क्रिप्टमध्ये 'क' ज्या बटणावर आहे, त्याच बटणावर तो गुजराती, कन्नड, बंगालीतही असतो.

इंटरनेट, वाय-फाय, ब्राउझर

शिक्षकाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करून लॅपटॉप जोडा. एखादं पान उघडून दाखवा. आता हॉटस्पॉट तसाच ठेवून मोबाइलचा डेटा बंद करा आणि नवं पान उघडायला सांगा. लॅपटॉपवर वाय-फाय जोडलेलं दिसतं, पान मात्र उघडत नाही. वाय-फाय म्हणजे लॅपटॉप ते मोबाइल एवढाच बिनतारी दुवा आणि इंटरनेट म्हणजे त्यापलीकडचं जगभरचं जाळं, हे एवढ्याने कळतं. "वाय-फाय आहे पण नेट नाही" हे वाक्य मुलांना स्वतः म्हणता आलं की पुढे जा.

वेब ही इंटरनेटवर चालणारी अनेक सेवांपैकी एक. तिची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत मांडली. इंटरनेट त्याआधीपासून होतं. वेबची पानं दाखवतो तो ब्राउझर: क्रोम, फायरफॉक्स, एज. गूगल हे वेबवरचं शोधयंत्र, म्हणजे स्वतःच एक संकेतस्थळ. हा फरक ठसवायला एकदा शोधाशिवाय काम करून घ्या. वरच्या ॲड्रेस बारमध्ये मराठी विकिपीडियाचा किंवा ई-बालभारतीचा पत्ता पूर्ण टाइप करून थेट जायचं.

डाउनलोड आणि अपलोड यांत मुलं दिशेचा घोळ घालतात. पलीकडून आपल्याकडे आलं तर डाउनलोड, आपल्याकडून तिकडे गेलं तर अपलोड. ई-बालभारतीवरून पुस्तकाची पीडीएफ घेणं हे डाउनलोड. ती 'डाउनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये पडते, हरवलेल्या निम्म्या फाइली तिथेच सापडतात.

बिघाड सांगण्याचे शब्द

'बंद पडलं' या एका शब्दात चार वेगळे प्रकार लपतात. पडदा गोठला आणि माउसही हलत नाही, ते हँग होणं. प्रोग्राम आपणहून बंद झाला, ते क्रॅश होणं. पडद्यावर संदेश आला, तो एरर. आणि पान नुसतंच फिरत राहिलं, ते लोड न होणं. बिघाड सांगताना तीन गोष्टी क्रमाने सांगायला शिकवा: मी काय करत होतो, काय केलं, काय दिसलं. एररचा संदेश स्वतःच्या शब्दांत सांगायचा नाही, आहे तसा वाचायचा किंवा विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबून स्क्रीनशॉट घ्यायचा.

लॉगिन, पासवर्ड, ओटीपी

यूजरनेम म्हणजे आपण कोण ते, पासवर्ड म्हणजे ते आपणच आहोत याची खात्री. यूजरनेम इतरांना कळलं तर फारसं बिघडत नाही. पासवर्ड मात्र कागदावर लिहून शाळेच्या संगणकावर चिकटवायची वस्तू नव्हे, आणि तशी चिकटवलेली दिसते! शाळेच्या सामायिक संगणकावर ब्राउझरने 'पासवर्ड लक्षात ठेवू का?' विचारलं तर नाही म्हणा. काम झालं की लॉगआउट करा. नुसती विंडो बंद करणं पुरत नाही.

ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा पासवर्ड. तो ज्या कामासाठी आपण स्वतः मागवला त्याच कामासाठी वापरायचा. आपण काहीच मागवलं नसताना ओटीपी आला तर कुणीतरी आपल्या नावाने काही करू पाहतंय असं धरून चाला, आणि फोनवर विचारणाऱ्याला तो सांगू नका, मग तो स्वतःला बँकेचा म्हणो की शिक्षण खात्याचा.

पत्ता वाचण्याचा सरावही इथेच घ्या. पत्त्यातल्या पहिल्या एकेरी तिरक्या रेघेच्या आधीचा भाग शेवटाकडून वाचायचा. 'जीओव्ही डॉट इन' हा शेवट भारतातल्या शासकीय संस्थांनाच मिळतो. तेच शब्द मधे घुसवून शेवटी 'डॉट कॉम' असेल तर ते सरकारी संकेतस्थळ नाही. ॲड्रेस बारमधल्या कुलपाच्या चिन्हाचा अर्थ 'वाटेत कुणी वाचू शकत नाही' एवढाच असतो, पलीकडचा प्रामाणिक आहे असा नाही.

क्यूआर कोड मुलांच्या पुस्तकातच असतो आणि दीक्षा ॲपने तो स्कॅन केला की धड्याचं साहित्य उघडतं. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीत गाड्यांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार झाला. त्यात पत्ता किंवा मजकूर भरलेला असतो आणि तो कुणाचाही असू शकतो. यूपीआयबाबत एक नियम घरी जाऊन आई-बाबांनाही सांगायला लावा: पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करून पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. तरीही कुणाची फसवणूक झालीच, तर १९३० या राष्ट्रीय सायबर मदतक्रमांकावर लगेच फोन करायचा. जितक्या लवकर कळवू तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता जास्त असते.